पुसेगावात सगळ्यांच्याच प्लेटलेट्स कमी

शनिवारी सुट्टी होती... म्हणजे कॅलेंडरमध्ये तरी होती. हिंगोलीत घरी डोक्याला तेल लावून निवांत बसले होते, तेवढ्यात इथल्या जवळच्या पुसेगावहून वैशालीचा फोन आला.

वैशाली तिथल्या एका खासगी रक्ततपासणी केंद्रात टेक्निशियन आहे. माझी कंपनी त्या लॅबवाल्यांना सॉफ्टवेअर पुरवते, आणि नवीन व्हर्जन आलं की ते सगळ्या केंद्रांवर चढवणं हे माझं काम. आदल्या संध्याकाळीच चढवलं होतं. सगळीकडे हिरवी टिक आली होती...

“ताई,” ती म्हणाली, “सकाळपासून सगळ्यांच्याच प्लेटलेट्स कमी येऊन राहिल्या. धडधाकट माणसाच्या बी.”



आमच्या कामात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट नावाचा एक कंटाळवाणा प्रकार असतो. नाव मोठं, गोष्ट साधी. कुठल्या केंद्रावर कुठलं व्हर्जन आहे, रिपोर्टचा फॉरमॅट कुठला, मशीनची सेटिंग काय... प्रत्येक गोष्टीची नोंद हवी, आणि काहीही बदललं की नोंदही बदलायला हवी. हे मी दर मीटिंगला बोलते. लोक तेवढ्यात माइक म्यूट करून चहा आणायला जातात.

लॅपटॉप उघडून तिथल्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. पुसेगावचं मशीन मध्यंतरी बदललं होतं. हे नवीन मशीन प्लेटलेट्सचा आकडा दहा हजारांत देतं, बाकीच्या केंद्रांवरची मशीन हजारांत देतात. म्हणून आमच्या टीममधल्या समीरने तिथे जाऊन हातानेच सेटिंग बदलली होती... आणि कुठेही लिहिलं नव्हतं. माझ्या नोंदीत पुसेगाव इतरांसारखंच. नव्या व्हर्जनने समीरची सेटिंग पुसली आणि सगळीकडची बसवली. ज्याच्या प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार, त्याचा मशीन आकडा देणार नुसता ‘अठरा’, आणि रिपोर्टवर छापून येणार अठरा हजार.

समीरला फोन केला. छोटीशीच सेटिंग होती, सांगायचं राहून गेलं, म्हणाला. मग पुण्यात मॅनेजरला फोन केला. त्यांनी आधी सिस्टममध्ये तक्रारीचं तिकीट टाकायला सांगितलं. “एकच सेंटर आहे ना? मग प्रायॉरिटी मीडियम टाक.”

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई पण ही पोस्ट वाचते.

तिकीट राहिलं बाजूला. सेटिंग नीट केली, रिपोर्ट पुन्हा काढले, आणि वैशालीने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. सगळे सापडले... एक सोडून. निकिता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, ताप उतरत नव्हता म्हणून रक्त तपासायला दिलेलं. अठरा हजार बघून डॉक्टरांनी ताबडतोब नांदेडला न्यायला सांगितलं होतं. वडील जीप करून निघालेही होते, आणि त्यांचा फोन बंद. घरच्या नंबरवर तिचे काका भेटले. ते म्हणाले, हिंगोलीत तिच्या आत्याला सोबत घेऊन पुढे जाणार आहेत.

आत्याचा पत्ता घेतला आणि तशीच, तेलकट केसांनी, स्कूटीवर निघाले.

जीप दारातच उभी होती. निकिता मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली, आत्या पिशवीत चादर कोंबत होत्या. मी कोण, कुठली, काय घोटाळा झालाय... सगळं एका दमात सांगितलं.  वडील म्हणाले, “सकाळी म्हणले पोरगी सीरियस हाय. आता तुमी म्हणता न्हाई. आमी कोणचं खरं मानावं?”

माझ्या मोबाइलवर दुरुस्त केलेला रिपोर्ट होता. पण तो दाखवायची हिंमत झाली नाही... तोही त्याच सॉफ्टवेअरमधून निघालेला.

मग मीच म्हटलं, इथे हिंगोलीतल्याच दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ. आमचं सॉफ्टवेअर जिथे नाही, अशा. काही कमी-जास्त निघालं तर तिथूनच नांदेड. ते तयार झाले. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर आम्ही तिघं, आणि आत्यांच्या खांद्यावर डोकं टेकून निकिता.  मी देवाला मानत नाही, तरी हात जोडून बसले होते.

एक लाख चौऱ्याहत्तर हजार.

तिथल्या डॉक्टरांनी निकिताला नीट तपासलं. व्हायरल ताप आहे, नांदेडची गरज नाही, म्हणाले. वडील पुन्हा बाकावर बसले. ओरडतील असं वाटलं होतं... ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, “पुसेगावपासून पोरीसंगं बोललो न्हाई मी. बोललो असतो तर तिच्यासमोर रडलो असतो.”

त्यावर मला नुसतं ‘सॉरी’ म्हणता आलं. त्या सॉरीला काय अर्थ होता, मलाच माहीत नाही.

सोमवारी मॅनेजरची सगळ्यांना मेल... यापुढे नोंद केल्याशिवाय कुठलीही सेटिंग बदलू नये. हेच वाक्य मी वर्षभर पाठवतेय. तेव्हा कुणी वाचलं नव्हतं, आता सगळ्यांनी थम्स-अप टाकले.

वैशाली, तू ‘उद्या बघू’ म्हणाली नाहीस, लगेच फोन केलास. तुझे उपकार कसे फेडू...

आणि काल निकिताच्या वडिलांचा फोन आला. पोरगी उठली, भाकर खाल्ली, असं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाले, “ताई, पुढं कवा रिपोर्ट काढला तर आधी तुमाला इचारतो, मगच मानतो.”

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी हो म्हणाले... पण हातातल्या रिपोर्टवर त्या बापाला विश्वास ठेवता यावा, मला विचारायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठीच तर माझी नोकरी आहे.