भिंतीवरची एक ओळ

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर परवा नवा फलक दिसला: ‘वारंवार विसरणे म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. बुधवारी तपासणी करून घ्या.’ मी तिथंच थबकले.

माझे वडील, अण्णा, शिवणकाम करायचे. ते सदऱ्याला बाह्या उलट्या जोडू लागले तेव्हा आम्ही हसलो, वय झालं म्हणालो. पुढे एका सकाळी त्यांनी मलाच विचारलं, “बाई, तुमचं माप घेतलंय का मी?” ही ओळ तेव्हा भिंतीवर असती तर अण्णा बरे झाले असते असं नाही, पण आम्ही त्यांना हसलो नसतो.

शेजारी एक बाई नवऱ्याचा हात धरून फलक वाचत होती. “ताई, आम्हाला उशीर तर नाही ना झाला?” तिनं हळूच विचारलं.

त्या दिवशी बुधवारच होता. मी त्यांच्यासोबत तपासणीच्या रांगेत उभी राहिले.