रद्द पेटीतलं कुटुंब

"चांगलं भिंग माणसाला आहे तसा दाखवतं, एवढा अपमान कशाला करायचा कुणाचा?" असं मामा एकदा म्हणाले होते.

मामांनी तीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासली. दिव्यापुढे भिंग धरायचं, जरा तिरकं करायचं, केसाएवढा ओरखडा दिसला की रद्द पेटीत. कामावर सगळे त्यांना वचकून असत. आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी गळ्यात खेळण्यातला प्लास्टिकचा कॅमेरा अडकवून हिंडे. त्याचं भिंगही प्लास्टिकचंच. फटींतून उजेड आत शिरे, म्हणून पाठीला काळी चिकटपट्टी. फोटोंचे कोपरे काळवंडत, माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसत. मामा खूश.

थोरली बहीण मुलाकडे परगावी कायमची राहायला निघाली, तेव्हा म्हणाली, "सगळ्यांचा एक फोटो काढून दे रे. तिकडे भिंतीवर लावीन."

मामांचा एकही फोटो आजवर कुणी भिंतीवर लावला नव्हता. त्यांनी घरच्या अकरा जणांना जिन्यावर बसवलं, श्वास रोखला आणि खटका दाबला. एकदाच. दुसरा फोटो काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

आठवड्यानं रोल धुऊन आला. या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर रोल हातानं पुढे सरकवावा लागतो. नेमकं तेच मामा विसरले होते. जिन्यावरच्या फोटोच्या आदल्या दिवशी त्यांनी कारखान्यातल्या रद्द पेटीचा फोटो काढला होता. दोन्ही फोटो एकावर एक उमटले आणि सगळं घर त्या पेटीतच जाऊन बसलं होतं. मामांना वाटलं, आयुष्यात असा फोटो पुन्हा निघायचा नाही. ते चौकट करून बहिणीकडे घेऊन गेले.

ताईनं तो जवळ धरला, लांब धरला. "यात मी कुठाय?"

"ती बघ, त्या फुटक्या भिंगात. चमकतेयस."

"आणि धाकटीला तर डोकंच नाही!"

"तिचं कुठे अडलंय त्यावाचून?"

ताई खळखळून हसली. मामांचा जीव भांड्यात पडला.

"मामा, फोनमध्ये होतं की असं," भाचा म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या मागे उभं राहून मीही एक काढला होता." त्यानं बोट फिरवलं. कोपरे काळवंडले, कडेनं उजेडाचा तांबूस ओघळ उतरला. अकराही चेहरे लख्ख.

"अगं बाई, अगदी तुझ्या फोटोंसारखाच आलाय रे!" ताई हरखली. "आणि सगळे दिसतायत! हाच छापून आण, बाळा." मग मामांकडे वळून म्हणाली, "तुझी चौकट बसेल ना याला?"

मामांनी चौकटीच्या मागचे खिळे एकेक करून वाकवले, आपला फोटो काढून घेतला, रिकामी चौकट तिच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर पडले.