पणजोबांचं चांदीचं पदक

एका माणसावर मी चोरीचा आळ येऊ दिला. येऊ दिला — बघा, अजूनही शब्द सौम्य करतोय. मीच घातला. इथे, दोह्यात, हे आजही कुणाला ठाऊक नाही. बायकोलाही नाही.

माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात रेल्वेत इंजिनिअर होते. घाटातल्या पुलाच्या कामासाठी सरकारने त्यांना दोन पदकं दिली, एक चांदीचं, एक ब्राँझचं. नाशिकला आमच्या घरी खंडेनवमीला ती हत्यारांबरोबर पूजेत असायची. चांदीच्या पदकावरच्या राजाच्या कानात कुंकू कायमचं बसलंय.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी इथे मेट्रोचं काम जोरात होतं, मी त्यावर होतो. स्टोअरला रत्नागिरीचा इक्बाल. तो सुट्टीवर निघाला की बिन महमूद भागातली मराठी घरं त्याच्याबरोबर गावी पुडकी पाठवत, येताना सामान मागवत — औषधं, कोकम. एकदा गणपतीची मूर्ती त्याने विमानात मांडीवर आणली. आमचे मॅनेजर इंग्रज, जुन्या रेल्वेचे शौकीन. त्यांना दाखवायला मी पदकं मागवली. दादाने मुंबईला जाऊन ती इक्बालच्या हाती दिली. त्याने दोन्ही आणली. दोन्ही.

मग? कंत्राटं संपत होती, माणसं घरी जात होती. मॅनेजर चांदीचं पदक बोटांत फिरवत राहिले आणि मी म्हणालो — ठेवा तुम्हाला. त्यांनी मागितलं नव्हतं. माझी नोकरी टिकली.

दादाचा फोन आला. “सुध्या, पोचली ना रे दोन्ही?”

“एकच पोचलं, दादा. ब्राँझचं.”

“अरे, माझ्या हाताने दोन दिली त्याला!”

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यातच सगळं आलं, नाही का? दादा वहिनीला बोलला, वहिनी माझ्या बायकोला. पुढे बिन महमूदला कळायला कितीसा वेळ लागणार?

ब्राँझचं मी परत नेऊन दिलं. खंडेनवमीला दादाने त्याच्या शेजारी, हरवलेल्या पदकाच्या जागी, सुपारी मांडली.

पुढच्या सुट्टीआधी इक्बाल नेहमीसारखा घरोघर विचारून आला. सगळीकडे एकच — नको, आहे सगळं. शेवटी माझ्याकडे आला.

“साहेब, बॅग अर्धी रिकामी चाललीय. काहीतरी द्या ना.”

हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. माझ्या हातून एक पुडकं गेलेलं लोकांनी पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. एक पुडकं!

“नको, इक्बालभाई,” मी म्हणालो.

मेट्रो सुरू झाली. तो कायमचा गावी निघाला तेव्हा मी त्याला मुशैरिबच्या मेट्रो स्टेशनवर गाठलं. त्याच्यासमोर दादाला फोन लावून सांगितलं — दोन्ही पोचली होती, चांदीचं मीच देऊन टाकलं. दादाने फोन ठेवला.

इक्बाल म्हणाला, “आता सांगताय, साहेब? मी निघालो तेव्हा?”



“चोर मी होतो, इक्बालभाई. तुमचं नाव घालवलं. चुकलं माझं.”