अर्धी चोरी

धोंडूभाऊंनी उभ्या कर्जत तालुक्याला भर दुपारी दारांना कड्या लावून बसवलं होतं. यात अतिशयोक्ती नाही. असलीच तर माझ्या नेहमीच्या मानाने फारच थोडी.

भिसेगावात ते आमचे शेजारी. मी कचेरीत कारकून आणि भाऊ कचेरीच्या दाराशी टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. पण त्यांचा जीव होता घरातल्या सायक्लोस्टाइल यंत्रात. कुठल्याशा बुडालेल्या सोसायटीच्या भंगारातून त्यांनी ते उचललं होतं. मुंबईला गेले की भाऊ फूटपाथ धुंडाळायचे, कुणी नावही न ऐकलेल्या लेखकाची भयकथा आणायचे, स्टेन्सिलवर टाइप करायचे आणि हँडल फिरवून प्रती काढायचे. सकाळी दूध घालायला आलेले कळंबचे गवळी रिकाम्या चरव्यांतून ती पानं गावोगाव न्यायचे. आमच्याकडच्या भुतांना त्यामुळे सायीचा वास यायचा.

लेखकाचं नाव ते सर्वांत मोठ्या अक्षरात टाकायचे. "लोकांना कळाया पायजे रं, आपल्याला कोण घाबरवतो ते!" आणि शेवटचं प्रकरण कधीच छापायचे नाहीत.

"असं का हो भाऊ?"

"ते बी चोरलं तर लेखकाला काय ऱ्हायलं? शेवट पायजे त्यानं पुस्तक इकत घ्यावं. आमी काय चोर हाय?"

देऊळ उचलून नेणारा माणूस कळस ठेवला म्हणून छाती फुगवतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

एका वर्षी त्यांनी जी कादंबरी काढली, तिने मात्र कहर केला. तिच्यात एक 'तो' होता. दुपारी यायचा, ओळखीच्या आवाजात दाराबाहेरून विचारायचा, "घरात किती जण आहात?" आकडा सांगितला की संध्याकाळपर्यंत त्यातला एक कमी. तो कोण, हे शेवटच्या प्रकरणात. म्हणजे भाऊ सोडून कर्जतमध्ये कुणालाच ठाऊक नाही, आणि भाऊ काही सांगायचे नाहीत! मी स्वतः बायकोशी खुणांनी बोलू लागलो. खालापूरकडे एका व्याह्याने मांडवात सहज विचारलं, "जेवायला किती जण?" आणि अख्खी पंगत पत्रावळी टाकून पळाली.

नेमकी त्याच वर्षी शिरगणती आली.

शाळेचे गुरुजी माणसं मोजायचं रजिस्टर घेऊन कळंबच्या बाजूला गेले आणि भर उन्हात एका दारात उभे राहून म्हणाले, "घरात किती जण आहात?" आतून किंकाळी. पुढच्या दारात, "आमी नायच! कुनी नाय घरात!" तिसऱ्या दारातून मुसळ आलं. गुरुजी धोतर सावरत कचेरीत पोचले, तेव्हा सरकारी हिशेबाने ते गाव ओस पडलं होतं.

चौकशीत चरव्यांतली पानं सापडली. मामलेदारांनी भाऊंचं यंत्र जप्त केलं, प्रकाशकाकडून पत्ता काढून लेखकाला बोलावलं आणि सांगितलं, "त्याने तक्रार दिली की तुम्ही आत." ते चार-पाच दिवस भाऊ एकच म्हणायचे, "त्या माणसाची सही झाली का मी गेलो रं. माझ्या म्हातारीला कोन बघंल?"

लेखक आला. ज्याने अख्ख्या तालुक्याची झोप उडवली, तो किरकोळ, सर्दी झालेला, छत्री मांडीवर घेऊन बसणारा गृहस्थ. भाऊ त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. त्याने पानं चाळली.

"शेवटचं प्रकरण?"

"ते नाय छापलं, सायेब. ते तुमचं. लोकांनी इकत घ्यावं म्हनून."

"घ्यावं कुठून? प्रती केव्हाच संपल्या. पुन्हा कुणी छापलं नाही."

भाऊंचा रंग उडाला. तुरुंगाच्या धाकानेही इतका उडाला नव्हता. "म्हंजे लोकं अशीच भिऊन ऱ्हायची?"

"एक तर चोरी केलीत," लेखक नाक पुसत म्हणाला, "वर तीही अर्धी. मला विचारलं का नाही?"

"तुमी नाय म्हनला असता तर?"

"तर नाही. पुस्तक माझं आहे."

त्याने तक्रार दिली नाही. अट एकच: शेवटचं प्रकरण छापायचं आणि यापुढे विचारल्याशिवाय कुणाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. तो निघाला तेव्हा मामलेदार जिन्यापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "मला तेवढं सांगा हो, तो असतो कोण?"

यंत्र भाऊंना परत मिळालं आणि शेवट गावोगाव पोचला. 'तो' बाहेरचा नव्हताच, घरातलाच होता. त्यानंतर लोक कड्या लावून आत बसायलाही घाबरू लागले.

भाऊ मात्र पुढे प्रत्येक लेखकाला कार्ड टाकायचे. उत्तर येईपर्यंत पोस्टमन दिसला की घरात शिरायचे. बहुतेक नकारच यायचे. खोपोलीच्या एका नव्या लेखिकेचं पहिलं पुस्तक वाचून तर ते दोन दिवस दिवा लावून झोपले. तिनेही 'नको' कळवलं. भाऊंनी स्टेन्सिलला हात लावला नाही. आपली विकत घेतलेली एकुलती प्रत गवळ्याच्या चरवीत ठेवली आणि म्हणाले, "वाचा, पन परत द्या रं. माझी हाय ती." मग रोज सकाळी विचारायचे, "कुठं पोचली?" गवळी सांगायचे, "कळंबात हाय, भाऊ." "खालापुरात गेली, भाऊ." ती खालापुरातच होती, तेव्हा भाऊ वारले.

प्रत अजून आलेली नाही. तुमच्याकडे असेल, तर वाचून झाल्यावर आणून द्या. भाऊ ती मागायला दुपारी तुमच्या दारात येणार नाहीत, असं मी कशाच्या भरवशावर सांगू?