हरेश आणि ते रीस्टार्ट

पाच आठवडे झाले. सकाळी ऑफिसखाली गाडी लावत होतो आणि फोन आला, हरेश गेला. गव्हाणला, घरीच, हार्ट अटॅकने. खोटं कशाला बोलू, माझा पहिला विचार होता, ‘आता तरी मला विचारतील.’ मग मी तिथेच पायरीवर बसलो...

पनवेलच्या एका कंपनीत आम्ही दोघं कंटेनर बुकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. बाहेरून ते एकच दिसतं, आत मात्र कितीतरी छोटे प्रोग्रॅम. बुकिंगवाला भाडेदरवाल्याला विचारतो, भाडेदरवाला कागदपत्रंवाल्याला, आणि असं विचारत विचारत शेवटी ट्रक ड्रायव्हरच्या मोबाइलवर कंटेनर यार्डाचा गेटपास येतो. अडतो एक आणि बोंब मारतो भलताच. म्हणून कुठे काय चाललंय ते दाखवणारा मोठा स्क्रीन मी बनवला, आलेख, दिवे, सगळं. त्यासाठी सहा महिने खपलो. हरेशने तो बघितला आणि म्हणाला, "मस्त हाय रं. पन सगला हिरवा हाय, मंग गेटवं लायन कशाला?" बाहेर यार्डाच्या गेटवर तेव्हा खरंच ट्रकांची रांग होती. सगळे खो खो हसले. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता.

त्याची पद्धत साधी होती. गेटवर जायचं, रांगेतल्या एका ड्रायव्हरचा बुकिंग नंबर घ्यायचा आणि तो एकच नंबर धरून लॅपटॉपवर एकेका प्रोग्रॅमचा माग काढायचा. कुठे थांबला, कुणी उत्तर दिलं नाही, सगळं सापडायचं. ड्रायव्हर त्याला चहा पाजायचे. मला गेटवरचा वॉचमनसुद्धा ओळखत नव्हता. ऑफिसात काही अडलं की साहेब माझ्यासमोर उभे राहून विचारायचे, "हरेश कुठाय?" अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

एका दुपारी पास अडकले. हरेशने गेटवरून फोन केला, "नंबर गावलाय. धा मिनटं दे, कशालाच हात लावू नको." रीस्टार्टचं बटण माझ्यासमोर होतं. त्याला सापडायच्या आत मी ते दाबलं. रांग सुटली. पण अडकलेला प्रोग्रॅम नव्याने सुरू झाल्यावर तो कशाने अडकला होता, हे कळायचा मार्गच पुसला गेला. दोन दिवसांनी तेच पुन्हा घडलं आणि दिवसभर सुटलं नाही. एका व्यापाऱ्याची कोळंबी बोटीवर चढलीच नाही. मग चौकशी. पहिल्यांदा घाईने रीस्टार्ट कुणी केलं? आमचं दोघांचं लॉगिन एकच होतं आणि त्या दिवशी ड्युटी हरेशची होती. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या लॅपटॉपकडे. तो म्हणाला, "चूक झाली, साहेब."

वर्षअखेरीस टीम लीड मी झालो. चार वर्षं तो माझ्या हाताखाली राबला, त्या रीस्टार्टवरून एक शब्द बोलला नाही. आणि लोक तरीही त्यालाच विचारायचे! खुर्ची मिळाली, मान मिळाला नाही, म्हणून मी त्याच्यावर आणखी जळायचो. मीच त्याची खुर्ची हिरावली होती, आणि मीच जळत होतो. माफी मागावी असं कितीदा मनात आलं. उद्या बोलू, उद्या बोलू...

गेल्या आठवड्यात पास पुन्हा अडकले. मी माऊसकडे हात नेला तशी नवीन आलेली श्रुती म्हणाली, "सर, एक मिनिट. हरेशदादांनी नवीन लोकांसाठी पान लिहून ठेवलंय, ते बघते." तिने ते मोठ्याने वाचलं. रीस्टार्टच्या आधी काय काय बघायचं, ओळीने लिहिलं होतं. शेवटी, ज्याला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, त्याच्या जागी माझं नाव होतं. पुढे हरेशने लिहिलं होतं, "घाईने काय होतं, ते याला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं."

श्रुती कौतुकाने माझ्याकडे बघत होती. "सर, तुमच्यावर केवढा विश्वास होता त्यांचा!"

त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला. मग मी तिला खुर्चीवर बसवलं आणि ते रीस्टार्ट कुणी केलं होतं, ते सांगितलं.