रस्त्यावर काहीही वाळत घालू नये

आमच्या भेस्तानच्या नहरेकाठच्या रस्त्यावर ‘रळियामणो रस्तो’ अशी गुजराती पाटी लागली, तिला कारण मी. रळियामणो म्हणजे रमणीय. त्या पाटीचा मला इतका मनस्ताप झाला की अजूनही रमणीय काही दिसलं की मी आधी आजूबाजूला नियम लिहिलेत का ते बघतो.

एका बाजूला नहर, म्हणजे कालवा, दुसऱ्या बाजूला आमच्या पत्र्याच्या घरांची ओळ आणि मधे शिरीष-कडुनिंबांची दुहेरी रांग, असा तो रस्ता. ओळीत बहुतेक सगळे खान्देशातून लूमवर कामाला आलेले. माझे वडीलही लूमवरच होते. मी मात्र बी.ए. झालो, गुजराती लिहा-वाचायला शिकलो आणि कापड बाजारात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस म्हणून चिकटलो. त्यामुळे गल्लीत कुणाला शिंक आली तरी अर्ज मी लिहायचो. त्याचा मला माजही होता, खोटं कशाला बोलू.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. प्लेगची साथ येऊन गेल्यावर शहराला साफसफाईचं आणि रस्ते रुंद करायचं वेडच लागलं होतं. आमच्या झाडांवरही तोडायची खूण म्हणून लाल रंगाचे पट्टे ओढले गेले. त्यात पलीकडच्या एका रंगाईवाल्यानं झाडांना खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या आणि रंगवलेल्या साड्या रस्त्यावर आडव्या वाळत घालायला सुरुवात केली. खालून जाताना माझा पांढरा शर्ट दोनदा जांभळा झाला. मी पेटलो. वॉर्ड ऑफिसात कळलं की रहिवाशांनी मागणी केली तर काही रस्ते रळियामणे म्हणून नोंदवतात; मग तिथं झाड तोडता येत नाही, खिळा ठोकता येत नाही, पाटी लटकवता येत नाही. मी तीन पानी अर्ज लिहिला. शेवटचं कलम होतं, ‘या रस्त्यावर कोणत्याही प्रकारची वस्तू वाळत घालण्यास सक्त मनाई असावी.’ त्यातल्या ‘कोणत्याही प्रकारची’ या शब्दांवर मी फार खूश होतो. रंगाईवाल्याला पळवाटच राहायला नको.

पहिला अंगठा आईचा घेतला. ती तांदूळ निवडत बसली होती. “काय लिखेल शे?” तिनं विचारलं.

“झाडे वाचतीन, आखो काय,” मी म्हणालो. मला बस पकडायची होती. तिनं अंगठा दिला आणि मी तो कागद फुंकर मारून वाळवत निघालो.

झाडं वाचली. लाल पट्ट्यांवर चुना फासला गेला, रंगाईवाला दोऱ्या गुंडाळून गेला, पाटी लागली. महिनाभर मी त्या रस्त्यानं असा चाललो की जणू शिरीष मीच लावले होते.

मग चैत्र आला. बहिणीचं लग्न अखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं ठरलेलं. रुखवतात खान्देशी घरच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, नसतील तर सासरच्या बायका मुलीला जन्मभर ऐकवतात. ज्वारी भिजवा, धुवा, दळा, ते पीठ आधणात शिजवा, त्यात तीळ, लसूण, मिरची घाला, ओल्या फडक्यावर पातळ थापा आणि फडकं उलटं करून बिबडी खाटेवरच्या कापडावर अलगद सोडा. एका बाईचं ते काम नव्हे. सगळी गल्ली येते. ऊन मात्र कडक लागतं आणि ते आमच्याकडे एकाच जागी पडायचं, दोन झाडांच्या मधे, रस्त्यावर. पत्र्यावर टाकलं तर बिबडी तडकते. खाटा उचलायला मीही सुट्टी घेतली होती. दर वर्षी घ्यायचो.

नऊच्या सुमारास ट्रॅक्टर आला. त्यातून उतरलेल्या वॉर्डच्या माणसानं पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “अहीं कंई सुकववानुं नहीं.” इथं काही वाळवायचं नाही. आईचे हात कोपरापर्यंत पिठात. तिनं त्याला खान्देशीतून सुनावलं, त्यानं गुजरातीतून. शेवटी त्यानं फाइल उघडली आणि तिच्यापुढे धरली. “मासी, आ तमारो ज अंगूठो छे ने?”

आईला अक्षर येत नव्हतं, पण स्वतःचा अंगठा ओळखता येत होता. बिबड्यांसकट चार खाटा ट्रॅक्टरमध्ये चढल्या. मी आडवा पडलो, ओरडलो, विनवण्या केल्या. त्या माणसानं मला बाजूला घेऊन माझंच कलम वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, “सरस लख्युं छे.” छान लिहिलंय म्हणे. त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याआधी माझा.

वॉर्ड ऑफिसात चार चकरा मारल्यावर खाटा मिळाल्या. बिबड्यांचा चुरा झाला होता. साहेब म्हणाले, पाच दिवसांच्या सवलतीचा अर्ज करा, बघू. रमणीय रस्त्याचं रूप बिघडू नये म्हणून त्यांचा जीव तुटत होता. त्याच रस्त्यावर त्यांचा ट्रॅक्टर रोज तासभर डिझेलचा धूर सोडत उभा असायचा, त्याचं काही नाही.

संध्याकाळी नवा अर्ज घेऊन मी आईपुढे बसलो. शाईची डबी उघडली. गल्लीतल्या बायका ओट्यावर होत्याच.

“पहिले वाची दखाड,” आई म्हणाली.

मी वाचायला लागलो तर तिनं हात वर केला. “हाऊ नही. तो पहिला.”

पहिल्या अर्जाची कार्बन कॉपी माझ्याकडे होती. मी तीन पानं वाचली, गुजरातीचं खान्देशी करत करत. शेवटचं कलमही वाचलं.

“बिबड्या आपन कोठे वाळाडतस, तुले माहीत नव्हतं का?”

“माहीत व्हतं.”

खरंच माहीत होतं. त्या खाटा मीच उचलायचो. फक्त अर्ज लिहिताना आई तिथं काही करते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्यापुढे हे कबूल करायला मला फार जड गेलं.

मग तिनं दुसरा अर्ज ऐकला. “पाच दिन नही. दर साले लिख,” म्हणाली. मी खोडून लिहिलं. पुन्हा वाचायला लावलं. तेव्हा कुठं अंगठा उमटवला आणि शाई माझ्या इस्त्रीच्या बाहीला पुसली.

परवानगी काही वेळेवर आली नाही; बहिणीची हळद उतरल्यावर आली. बिबड्या पुन्हा कराव्या लागल्या, त्या घरातच, जमिनीवर साड्यांची जुनी कापडं पसरून, पंख्याखाली. आठवडाभर आम्ही बाप-लेक उंबऱ्याबाहेर जेवलो. उन्हाअभावी त्या जाड, पांढुरक्या आणि जराशा आंबूस झाल्या. आई एकेक उचलून उजेडात धरायची आणि पुन्हा ठेवायची. मी तिथून उठून जायचो.

लग्नात रुखवतापुढे नवऱ्या मुलाच्या आत्यानं एक बिबडी उचलली, मोडून पाहिली आणि विचारलं, “विहीणबाई, ह्या अश्या कश्या फिक्या?”

बहिणीनं मान खाली घातली. मी तिथंच पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. आईनं पदर सावरला.

“मना पोऱ्यानी झाडे वाचाडात ना,” ती म्हणाली, “त्यासनी सावलीमा वाळन्यात.”