शैलाचे दोन डबे

चाकणच्या चौकात अँब्युलन्स अडकली आणि शैला तिथंच गेली. पुढं कंटेनर, मागं कंपन्यांच्या बस, भोंगा वाजतोय आणि कोणी हलत नाही. मी तिचा पाय धरून बसले होते, तो गार पडला. ड्रायव्हरला म्हटलं, "बंद कर आता ते." त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण भोंगा बंद केला.

शैला माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली, म्हणून ही महाळुंग्यात माझ्याच घरी वाढली. पुढं शास्त्रज्ञ झाली, परदेशी जाऊन आली, प्रयोगशाळा चालवली. तिथं काय केलं म्हणाल तर... पोरकिडे पाळले. ज्वारीत होतात तेच, सोंडवाले. मी जन्मभर ज्यांना उन्हात घालून मारलं, त्यांचं हिनं जन्मभर केलं. लहानपणी मी धान्य पाखडायला बसले की ही सुपाच्या काठावर चढणारे किडे बघत बसायची, हाक मारली तरी उठायची नाही. प्रयोगशाळेत लागल्यावर एकदा मी सरळच विचारलं, एवढं काय बघतेस त्यांच्यात?

"मावशी, या किड्याच्या पोटात जन्मापासून बारीक जंतू असतात. त्यांच्या मदतीनं त्याची पाठ काळी, टणक होते. पाठ झाली की किडा त्या जंतूंनाच पचवून टाकतो."

"म्हंजी काम झालं की काढून टाकायचं. आपल्या कंपन्यांत कंत्राटी पोरांचं हाय तसं."

"काढत नाही गं, खातो!" ती हसत सुटली.

"आन मग म्हातारपणी?"

"म्हातारपण त्यांच्याशिवाय. ते कसं जातं, तेच तर बघतेय."

"माझ्याकडं बघ की. घरबसल्या कळंल."

पोटाचं दुखणं निघालं तेव्हा रावेतचा फ्लॅट बंद करून ती माझ्याकडं आली. सोबत थोडे कपडे आणि ज्वारीचे दोन डबे, तोंडाला फडकं बांधलेले. एकात काळे किडे, दुसऱ्यात तांबूस. तांबूस म्हणजे ज्यांच्या घराण्यातले जंतू तिनं काढून टाकले होते. दोघांत म्हातारपण आधी कोणाला येतं, ते तिला पाहायचं होतं. प्रयोगशाळा सुटली होती, डबे सुटले नाहीत. अंथरुणावरून विचारायची, "मावशी, तांबडे चालतायत का?" मी फडकं सोडून बघायची. "चालत्यात." मग ती दोन घास खायची.

तेराव्याला पाहुणे येणार म्हणून सुनेनं घर आवरलं. मी गच्चीवर गेले तर चादरीवर ज्वारी पसरलेली, दोन्ही डबे उपडे.

"सुनीता, ह्ये काय केलंस?"

"आत्या, कीड लागलीया! पाव्हण्यांनी बघितलं तर म्हनतील, म्हातारीला दिसत न्हाई आन सुनंला लाज न्हाई."

तिचं काही चुकलं नाही. कीड लागली की उन्हात टाकायचं, हे या घरात आल्यापासून ती बघतेय. किडे सावलीकडं पळत होते. मी तापलेल्या फरशीवर बसले आणि वेचायला लागले. माझी जाऊ म्हणाली, "अवो आक्का, मरू द्या की! आज किडं येचाय बसलाय व्हय?"

"शैलीचं हाय ते." एवढंच मला सुचलं. काळे इकडं, तांबडे तिकडं टाकायचं ठरवलं, पण उन्हात डोळे दिपले, सगळे सारखेच दिसायला लागले. शेवटी एकाच डब्यात भरले.

तिच्या हाताखाली शिकलेली एक प्राध्यापिका नंतर भेटायला आली. तिनं डब्यात वाकून पाहिलं. "मिसळले हो मावशी. आता यांची पिल्लंही मिसळणार, यातून काही कळणार नाही."

"मला तसंही काय कळत न्हवतं," मी म्हटलं.

खरंच कळत नाही. म्हातारपणाचा अभ्यास हिनं केला आणि म्हातारपण मला आलं. ज्यांच्या जिवावर मी टणक झाले, ती माणसं एकेक करून गेली... बहीण, नवरा, आता ही. मग मी त्यांना पचवलं म्हणायचं का? की किड्याचं माणसाला लावायचंच नसतं? शैलाला विचारलं असतं तर ती हसली असती, आणि मग नीट सांगितलं असतं.

डबा माझ्या खाटेखाली आहे. सकाळी फडकं सोडून बघते. चालत्यात. काळे का तांबडे, ते सांगता येत नाही, आणि विचारणारं कोणी नाही.

शैला चोपन्नाव्या वर्षी गेली. मी ऐंशीची आहे, आणि मी आहे.